चौथ्या महिन्यानंतर आम्ही कुणाचे?

प्रति,
वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करणारे सर्जन आणि त्यांच्या जोडीने काम करणारे आहारतज्ज्ञ यांस



मी साताऱ्यात एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सात वर्षांपूर्वी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, माझं जठर लहान करण्याचं, स्लीव्हचं ऑपरेशन झालं. तेव्हा माझं वजन 118 किलो होतं. मधुमेहाच्या दोन गोळ्या चालू होत्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोहोचताना जिन्यात तीनदा थांबावं लागायचं. मागून येणारी पोरं मला ओलांडून पुढे जात नसत, गुपचूप मागे उभी राहत. ते मला फार लागायचं. दोन वर्षांत वजन 77 वर आलं, आज 84 आहे. मधुमेहाची गोळी बंद आहे आणि जिना एका दमात चढते. हे तुमच्या हातांनी घडलं, त्याचं ऋण मी मानते. पुढच्या तक्रारी या ऋणासकट वाचाव्यात, अशी विनंती.

पत्राचं कारण असं. काही दिवसांपूर्वी पुण्यात लठ्ठपणावरच्या एका व्याख्यानाला गेले होते. शेवटच्या प्रश्नोत्तरांत एक ज्येष्ठ सर्जन म्हणाले, की ऑपरेशन झालेल्यांनी एकमेकांना आहाराचे आणि व्यायामाचे सल्ले देऊ नयेत, त्याने नुकसान होतं. टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही आणि उठून काही बोललेही नाही. कारण ते म्हणाले त्यातलं अर्धं खरं होतं. आमच्या सल्ल्याने नुकसान झालेलं मी पाहिलंय, आणि त्यात माझाही वाटा होता. ते पुढे सांगतेच. पण उरलेलं अर्धं त्या सभागृहात कुणी मांडलं नाही.

आमचा बावीस जणांचा गट आहे. सातारा, वाई, कऱ्हाड, फलटण, कोरेगाव, अशा ठिकाणची माणसं. काहींची स्लीव्ह झालीय, काहींचं गॅस्ट्रिक बायपास. ऑपरेशनं पुण्या-मुंबईत झालेली, वेगवेगळ्या दवाखान्यांत. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही एका शाळेच्या मैदानावर भेटतो, चालतो, मग डबे उघडून बसतो. एरवी फोन. आम्ही एकमेकांना शोधत आलो ते हौसेने नाही. पहिल्या महिन्यात तुमचा फोन लागतो, तिसऱ्या महिन्यात आहारतज्ज्ञ बदललेल्या असतात, चौथ्या महिन्यात रिसेप्शनवरून सांगतात, ‘अपॉइंटमेंट घेऊन या.’ कोरेगावहून पुण्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, रजा जाते, सोबतीला घरचं माणूस लागतं. आणि प्रश्न असतो एवढाच, की भाकरी घशाखाली अडकल्यासारखी वाटते तर काय करू? तो प्रश्न मग आमच्याकडे येतो.

पहिली तक्रार कागदाची. डिस्चार्जच्या वेळी मला चार पानांचा आहारतक्ता मिळाला. इंग्रजीत. पहिला आठवडा क्लिअर लिक्विड, मग फुल लिक्विड, मग प्युरी, मग सॉफ्ट डाएट. पदार्थांत ब्रोकोलीचं सूप, ग्रीक योगर्ट आणि कॉटेज चीज. मी तो वाचू शकले. पण आमच्यातल्या अनेक घरांत स्वयंपाक सासूबाईंच्या नाहीतर आईच्या हातात असतो, आणि त्यांनी त्या कागदाचा एकच अर्थ काढला: पोट कापलंय, पातळ आणि हलकं द्यायचं. आपल्याकडे आजाऱ्याचं पातळ आणि हलकं म्हणजे काय? वरणाच्या वरची निवळ, भाताची पेज, साबुदाण्याची खीर, रव्याची लापशी. मायेने केलेलं, मऊ, आणि जवळजवळ सगळा पिष्टमय भाग. रोज किमान 60 ग्रॅम प्रथिनं जायला हवीत असं तुमच्याच कागदावर लिहिलेलं असतं. वरणाच्या निवळीत ती नावालाही नसतात. घट्ट वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅम, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात, 100 ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. उरलेल्या नळीत सुरुवातीला अर्धी वाटीसुद्धा जड जाते. त्या अर्ध्या वाटीत पेज गेली की प्रथिनांना जागा राहत नाही. हे गणित पाचवीतलं आहे, पण कुणीतरी ते स्वयंपाकघरात येऊन मांडायला हवं.

ते आम्ही मांडलं. वाईच्या एका काकूंनी शोध लावला की मिक्सरमधून काढायच्या टप्प्यात आपलं पिठलं चांगलं चालतं. मिरची-लसणाशिवाय, पातळ, तूप अगदी थेंबभर. घरचं दही फडक्यात बांधून टांगायचं आणि त्या चक्क्यात साखरेऐवजी मीठ-जिरेपूड घालायची, हे माझ्या आईने काढलेलं. श्रीखंडाची सवय असलेल्या घरात चक्क्याचं काही समजावून सांगावं लागत नाही. सालं काढलेल्या मुगाची डाळ मऊ शिजवून, घोटून, पाणी न वाढवता. अंडं खाणाऱ्यांना कमी तेलाची ओलसर भुर्जी. मासे खाणाऱ्यांना उकडून कुस्करलेला मासा, काटे दोनदा बघून. पहिले काही महिने भूक अशी लागतच नाही, कारण भुकेचा निरोप देणारं घ्रेलिन हे संप्रेरक जठराच्या ज्या भागात जास्त तयार होतं तोच भाग गेलेला असतो. तेव्हा घड्याळ लावून खावं लागतं, आणि पहिला घास प्रथिनांचा. सुकी भाकरी अडकते, पोळीचा घशाशी गोळा होतो, भात पोटात फुगतो, हे आम्ही एकेकाने सोसून शिकलो. नव्याला सांगतो, भाकरी आमटीत बोटांनी कुस्कर, पाच मिनिटं भिजू दे, मग चमच्याने खा. जेवताना पाणी नाही आणि नंतर अर्धा तास नाही, हे तुम्ही सांगता. पण मे महिन्यात एसटीने प्रवास करताना दिवसाचं दीड-दोन लिटर पाणी घोटाघोटाने कसं पुरवायचं, हे कंडक्टरची नोकरी करणाऱ्या आमच्यातल्या एकाने सांगितलं: बाटलीला खुणा करायच्या आणि प्रत्येक थांब्याला एक घोट.

यातलं काही चुकत असेल तर दुरुस्त करा. पण ‘सल्ले देऊ नका’ म्हणण्याआधी हे सल्ले कुठल्या रिकाम्या जागेत उगवले ते बघा. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी 1966 मध्ये पहिलं गॅस्ट्रिक बायपास केलं. तेव्हापासून तुमची विद्या पोटावरच्या वीतभर छेदापासून दुर्बिणीच्या चार-पाच भोकांपर्यंत आली. आमच्या हातात पडणारा कागद मात्र अजून दुसऱ्याच्या स्वयंपाकघराचा आहे. तो मराठीत हवा, आणि मराठीत म्हणजे भाषांतर नको. ज्वारी-बाजरी, कडधान्यं, सुकट-बोंबील, पिठलं, ताक, चक्का, शेंगदाणा या सगळ्यांचा त्यात विचार हवा. कोकणातल्या घराला वेगळा, विदर्भातल्या घराला वेगळा. आणि माळकरी घराला वेगळा, कारण तिथे अंडंही नाही.

दुसरी गोष्ट ऑपरेशनच्या आधीची. दोन आठवडे जवळजवळ द्रवच घ्यायचं, हा नियम बहुतेक दवाखान्यांत असतो. का, ते आमच्या बावीसपैकी सहाच जणांना माहीत होतं. बाकीच्यांचा समज असा, की डॉक्टरांना आपली तयारी बघायची आहे, किंवा थोडं वजन आधी उतरलेलं बरं. म्हणून अनेकांनी आदल्या आठवड्यात शेवटची हौस म्हणून मटणाच्या पंगती झोडल्या. मी गटात फळ्यावर चित्र काढून सांगते: जठराच्या वर यकृताची डावी बाजू पसरलेली असते. आपल्या यकृतात चरबी साठल्यामुळे ती जड आणि फुगलेली असते. सर्जनला ती उचलून धरून खाली काम करायचं असतं. दोन आठवडे कमी पिष्ट आणि कमी उष्मांक घेतले की यकृत आकसतं, हाताळायला सोपं जातं आणि ऑपरेशन सुरक्षित होतं. एवढं सांगितल्यावर आजपर्यंत एकानेही त्या चौदा दिवसांत चोरून खाल्लेलं नाही. कारण कळलं की सातवीतलं पोरही ऐकतं, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. ओपीडीत वेळ नसतो हे मी समजू शकते. मग हे चित्र काढायचं काम अधिकृतपणे आम्हाला द्या.

आता ज्यात माझा हात होता ते.

तीन वर्षांपूर्वी कऱ्हाडच्या एका वहिनींची स्लीव्ह झाली. दुसऱ्या आठवड्यात त्यांना उलट्या सुरू झाल्या. त्यांनी मला फोन केला. मी म्हटलं, ‘सगळ्यांना होतं वहिनी, घाईने पिता तुम्ही. लहान घोट घ्या.’ चार दिवसांनी पुन्हा फोन. मी आलं-लिंबू सांगितलं. गटातल्या दुसऱ्या ताईंनी नुसत्या शहाळ्याच्या पाण्यावर राहायला सांगितलं. त्यांच्या दवाखान्यातून कुणीतरी फोनवर ‘ॲसिडिटीची गोळी वाढवा’ एवढं म्हणालं होतं. उलट्या थांबत नव्हत्या आणि आम्ही सगळ्याजणी धीर देत होतो. तीन आठवडे गेले. एके सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला, की आई भिंतीला धरून चालतेय, तिला एकाचे दोन दिसतायत, आणि काल रात्री तिने मला माझं नाव विचारलं.

गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून ग्लुकोजचं सलाईन लावायची तयारी केली होती. गटातल्या एका नर्सताईंना शंका आली. त्यांनी सांगितलं, थांबा, आधी मोठ्या दवाखान्यात न्या. तिथे कळलं की ब-1 जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपलं होतं. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. सतत उलट्या झाल्या की तो संपतो आणि मेंदूवर घाव पडतो. अशा वेळी थायमिन न देता आधी ग्लुकोज दिलं तर परिस्थिती आणखी बिघडू शकते. त्यांना शिरेतून थायमिन दिलं. उलट्यांचं मूळ कारण नंतर एंडोस्कोपीत सापडलं: जठराची नळी मधोमध अरुंद झाली होती, ती फुगा घालून रुंद केली. वहिनी वाचल्या. पायांची बधिरता मात्र वर्षभर राहिली आणि त्या अजूनही अंधारात चालताना कुणाचा तरी हात धरतात.

त्या तीन आठवड्यांतलं माझं प्रत्येक वाक्य मला पाठ आहे. ‘सगळ्यांना होतं’ हे वाक्य मी त्यानंतर कुणालाही म्हटलेलं नाही. पण डॉक्टर, हे तुम्हाला कबुली म्हणून सांगत नाहीये मी. विचारायचं आहे, की पाणीसुद्धा टिकत नसेल तर लगेच दवाखाना गाठायचा, ही एक ओळ मला ऑपरेशन झालं तेव्हा किंवा त्यानंतरच्या चार वर्षांत कुणीच का सांगितली नाही? डिस्चार्जच्या कागदावर ‘उलट्या झाल्यास संपर्क करा’ असं होतं. किती उलट्या, किती दिवस, संपर्क कुणाशी, आणि त्या संपर्काने गोळी वाढवा म्हटलं तर पुढे काय? आम्ही काय सांगावं याची यादी नकोच आम्हाला. आम्ही काय सांगू नये याची द्या. ज्या प्रश्नाला आम्ही ‘फोन ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा’ एवढंच उत्तर द्यायचं, असे आठ-दहा प्रश्न ठळक अक्षरांत लिहून द्या. पहिल्या दिवसांत ताप आणि छातीत धडधड. थांबत नसलेल्या उलट्या. काळी शी. एकाचे दोन दिसणं. पोटात उठणारी कळ, बायपास होऊन वर्षं उलटलेली असली तरीही. वहिनींच्या प्रसंगानंतर आमची आम्ही अशी यादी केली आहे. ती तुमच्या सहीची नाही, म्हणून मला रात्री झोप लागत नाही.

दुसरी आमची चूक लहान होती, पण तिनेही बरंच शिकवलं. माझी स्लीव्ह, मला संक्रांतीला अर्धी गुळपोळी पचते. हे मी भेटीत सहज बोलले. बायपास झालेल्या एका दादांनी घरी जाऊन खाल्ली आणि वीस मिनिटांत घाम, धडधड, जुलाब, डोळ्यांपुढे अंधारी. साखर लहान आतड्यात एकदम उतरली की बायपासवाल्यांना होतं ते डंपिंग. तेव्हापासून गटात बोलताना आधी ‘माझी स्लीव्ह’ किंवा ‘माझं बायपास’ असं म्हणून मगच पुढचं वाक्य बोलायचं, असा नियम आम्ही केला. पण धक्का याचा बसला, की आमच्यातल्या तिघांना आपलं नक्की कुठलं ऑपरेशन झालंय हेच माहीत नव्हतं. ‘दुर्बिणीतून झालं’ एवढंच ठाऊक.

म्हणून एक साधी मागणी. खिशात मावेल एवढं जाड कागदाचं कार्ड. त्यावर मराठीत ऑपरेशनचं नाव, तारीख, आणि गावातल्या डॉक्टरांसाठी चार ओळी: बायपास असेल तर अंगदुखीच्या ब्रुफेन-डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या देऊ नका, अल्सर होतो. उलट्यांचा पेशंट असेल तर ग्लुकोजआधी थायमिन. ब-12 आयुष्यभर. बाईमाणूस असेल तर पहिलं वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायची आहे, आणि उलट्या-जुलाब होत असतील, किंवा बायपास असेल, तर गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका. गावातल्या डॉक्टरांचा यात दोष नाही. त्यांच्याकडे असा पेशंट वर्षात एखादा येतो.

गोळ्यांचं थोडक्यात सांगते, कारण दुखणं मोठं असलं तरी उपाय सोपा आहे. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतलं की एकमेकांना अडवतात, मध्ये दोन तास हवेत. जठरातलं आम्ल कमी झालेलं असतं म्हणून कॅल्शियम सायट्रेट बरं. औषधाच्या दुकानात मात्र ‘कॅल्शियम द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा कार्बोनेट हातात पडतं. शाकाहारी माणसात ब-12 अनेकदा आधीच कमी असतं, त्यात हे ऑपरेशन. आमच्यातल्या कितीतरी जणांनी वर्षाचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून सगळं बंद केलं, जणू कोर्स संपला. ‘आयुष्यभर’ हा शब्द तुम्ही ऑपरेशनच्या आधी उच्चारा, फी सांगता त्याच बैठकीत. विम्याचंही तेच. नियमात बसणाऱ्याला ऑपरेशनसाठी विमा मिळू शकतो, पण पुढच्या जीवनसत्त्वांचा, प्रथिनांच्या पावडरीचा आणि दरवर्षीच्या रक्ततपासणीचा खर्च घरातूनच निघतो. तो किती, हे आधी कळलं तर माणूस तजवीज करतो.

केसांचंही आधी सांगा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात न्हाणीघरात मूठभर केस हातात आले की बाई ऑपरेशनचा पश्चात्ताप करू लागते. पुरेशी प्रथिनं असतील तर ते बहुधा परत येतात. एवढ्या एका वाक्याने किती रडणं वाचलं असतं.

आता व्यायाम. यावर आम्हाला तुमच्याकडून दोनच शब्द मिळाले: रोज चाला. आम्ही चाललो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत, मग अर्ध्यावर, मग वर. वजन उतरलं आणि त्याबरोबर दंड-मांड्यांमधलं बळही उतरलं. भराभर वजन जातं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि नुसत्या चालण्याने ते टिकत नाहीत, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं, जेव्हा 77 किलोची मी जमिनीवर बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठू शकत नव्हते. दुसऱ्या टोकाला कोरेगावची एक ताई. तिने तिसऱ्या आठवड्यात शेतावर पाण्याच्या घागरी उचलल्या, कारण चालायला सांगितलं होतं आणि उचलू नका असं नेमकं सांगितलं नव्हतं. तिला हर्निया झाला. आणि एका मुलाला जिमवाल्याने पहिल्याच महिन्यात पोटाचे व्यायाम करायला लावले.

आमच्या गटात एक निवृत्त पीटीचे सर आहेत, त्यांचं बायपास झालंय. त्यांनी आमच्यासाठी क्रम लावला. पहिले सहा आठवडे घरात आणि अंगणात चालणं, थोडं थोडं, दिवसातून बऱ्याचदा, वजन उचलणं बंद. डॉक्टरांनी हो म्हटलं की खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा. मग भिंतीला टेकून जोर. मग लिटरभर पाण्याच्या दोन बाटल्या हातात घेऊन दंडाचा व्यायाम. मग सुटसुटीत बैठका. आठवड्यातून दोनदा हे, बाकी दिवस चालणं. मला जमिनीवरून उठायला यायला पाच महिने लागले. ज्या दिवशी उठले त्या दिवशी सर टाळ्या वाजवत मैदानाला एक फेरी मारून आले. आमचं एवढंच मागणं आहे, की तुमच्याकडच्या फिजिओथेरपिस्टनी हा क्रम एकदा बघावा, ज्याला हर्निया आहे, ज्याचे गुडघे गेलेत, त्याच्यासाठी काय बदलायचं ते लिहून द्यावं. एक रविवार पुरेल.

सणवाराचं आणि माणसांचं मात्र तुमच्याकडे मागत नाही, ते आमच्याकडेच राहू द्या. बहुतेकांनी ऑपरेशन नात्यागोत्यात लपवलेलं असतं. ‘डाएट केलं’ म्हणून सांगितलेलं असतं. मग पंगतीत दोन घासांत हात थांबला की आग्रह सुरू होतो, ‘आमच्याकडचं गोड लागत नाही वाटतं?’ एका सुनेने तीन पुरणपोळ्या वाढून घेतल्या, ओटीच्या पिशवीत सरकवल्या आणि घरी येऊन रडली. एकादशी, नवरात्र, चातुर्मास आले की उपास करू की नको, साबुदाणा चालेल का, गोळ्या निर्जळी दिवशी घ्यायच्या का? सासूबाईंना दुखवायचं नाही आणि अंगही सांभाळायचं, ही कसरत कुठल्या तक्त्यात बसत नाही. आमच्यातल्या एका आजींनी ठरवलं की उपासाला साबुदाण्याऐवजी दूध, दही आणि पनीर, आणि देवाला त्यात काही अडचण नाही असं त्यांनी सगळ्यांना ठणकावून सांगितलं. आजींच्या तोंडून ते घरच्यांनी ऐकलं. तुमच्या तोंडून कदाचित ऐकलं नसतं.

एक शेवटची तक्रार आहे, जरा तिखट. तुमच्या दवाखान्यांच्या भिंतींवर आणि जाहिरातींत आमचे फोटो असतात, आधीचे आणि नंतरचे. नवा पेशंट बिचकला की तुमचा माणूस आम्हाला फोन करतो, ‘मॅडम, जरा बोला ना यांच्याशी, धीर द्या.’ मी अशा किमान पंधरा जणांशी बोलले. एक पैसा घेतला नाही, मनापासून बोलले. ऑपरेशनला तयार करताना आमचा शब्द तुम्हाला चालतो. मग ऑपरेशन झाल्यावर तोच माणूस मला ‘आता काय खाऊ’ विचारतो तेव्हा माझा शब्द धोकादायक कसा होतो? धोकादायक तो आहेच, मला न शिकवल्यामुळे. 2022 मध्ये अमेरिकेतल्या आणि जगातल्या तुमच्या संघटनांनी ऑपरेशनचे निकष सैल केले, आशियाई लोकांसाठी बीएमआय 27.5 पासून विचार करावा असं म्हटलं. म्हणजे आमच्यासारखे वाढत जाणार. त्यांना धरून ठेवणारे हात तुमच्या दवाखान्यांत तेवढ्या वेगाने वाढणार नाहीत, हे तुम्हालाही दिसतंय. आमच्यातल्या दोघा-तिघांना वर्षातून चार दिवस शिकवा. एका आहारतज्ज्ञाचा असा नंबर द्या, जो आम्हीच फक्त लावू, आणि तोही खात्री करून घेण्यापुरता.

आणि वजन परत वाढलेल्या माणसाशी नीट बोला. माझे सात किलो परत आले तेव्हा काट्यावर उभी असताना मला ‘नियम पाळले नसतील’ असं ऐकावं लागलं. त्यानंतर दीड वर्ष मी तपासणीला गेले नाही. त्या दीड वर्षात माझं हिमोग्लोबिन नऊच्या खाली गेलं, आणि त्याची पहिली शंका गटातल्या नर्सताईंना माझी खालची पापणी ओढून बघितली तेव्हा आली.

आज रात्री साडेदहाला फलटणहून एका मुलाच्या आईचा फोन आला. त्याचं ऑपरेशन होऊन अकरा दिवस झालेत. दुपारपासून तो पाणी घोटभर घेतो आणि काढतो. तिने तुमच्या दवाखान्याचा नंबर तीनदा लावला होता. मी तिला यादीतलं उत्तर दिलं, की उजाडायची वाट बघू नका, गाडी करा आणि न्या. ती म्हणाली, ‘बाई, रात्रीचे दोन-तीन हजार जातील, आणि तिथे म्हणाले की एवढ्यासाठी कशाला आलात, तर?’ मी म्हटलं, तसं म्हणणार नाहीत, माझं नाव सांगा. ते आता वाटेत असतील किंवा पोहोचले असतील. माझ्या नावाने तिथे कुणी ओळखणार नाही, हे मला माहीत आहे. त्यांना आत घ्या.

आपली,
स्लीव्ह झालेली एक शिक्षिका
सातारा